घमेल्यांची रांग : प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग आणि रॅमचा जुळता वेग

नवा डेस्कटॉप जुळवून झाला की बहुतेक जण आधी प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ बघतात. मी म्हणतो, आधी टास्क मॅनेजर उघडा आणि मेमरीच्या पानावरचा वेग बघा. डब्यावर ठळक अक्षरांत ३६०० छापलेली रॅम, आणि स्क्रीनवर २१३३. हे इतक्या वेळा बघितलंय की आता नवल वाटत नाही. रॅम नकली नसते, कुणी फसवलेलंही नसतं. बायोसमधलं, म्हणजे यंत्र उठताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधलं, एक प्रोफाइल चालू करायचं राहून गेलेलं असतं, एवढंच. गंमत अशी की अशाच एखाद्या यंत्राचा मालक प्रोसेसरमधून आणखी १०० मेगाहर्ट्झ पिळून काढायला रात्री जागवत असतो.

ओव्हरक्लॉकिंग म्हटलं की सगळी चर्चा प्रोसेसरच्या आकड्यावर येऊन थांबते. आज सहज हाती लागणारा वेग मात्र बराचसा दुसरीकडे आहे. प्रोसेसर, त्याच्या पोटातला, रॅमशी देवाणघेवाण करणारा मेमरी कंट्रोलर आणि रॅम यांच्या ठेक्यांचं एकमेकांशी जे गुणोत्तर बसतं, तिथे.

आधी ठेका म्हणजे काय ते बघू. डेस्कटॉपमध्ये एक मूळ ठेका असतो, त्याला बेस क्लॉक म्हणतात. आजच्या बहुतेक डेस्कटॉपवर तो १०० मेगाहर्ट्झ असतो, म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोके. प्रोसेसर त्याला आपल्या मल्टिप्लायरने गुणतो. मल्टिप्लायर ४५ असेल तर ४५०० मेगाहर्ट्झ, अर्थात ४.५ गिगाहर्ट्झ. या गुणाकारातला एखादा आकडा कंपनीने ठरवला त्याहून मोठा करणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. पण कोणता आकडा वाढवता याला फार महत्त्व आहे, कारण मूळ ठेक्यावर एकटा प्रोसेसर चालत नाही.

१९९८ साली आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए ची गोष्ट जुने हौशी लोक अजून रंगवून सांगतात. त्याचा मल्टिप्लायर ४.५ वर कुलूपबंद होता आणि बस, म्हणजे प्रोसेसरला बाकी यंत्राशी जोडणारा रस्ता, ६६ मेगाहर्ट्झची. तेव्हा मूळ ठेका हाच, म्हणून ३०० मेगाहर्ट्झ. मल्टिप्लायरला हात लावता येत नव्हता, मग लोकांनी बसच ६६ वरून १०० केली. तोच स्वस्तातला प्रोसेसर ४५० ला पळू लागला. एकाचा नाही, पुष्कळांचा. चिप चांगली होती आणि १२८ केबीची कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी मेमरी, तिच्यातच पूर्ण वेगाने चालायची, हे कारण सगळे सांगतात. दुसरं कारण मला जास्त आवडतं. त्या काळी हार्ड डिस्कचा कंट्रोलर आणि बरीचशी कार्डं पीसीआय नावाच्या जोडमार्गाच्या ३३ मेगाहर्ट्झवर चालायची, आणि हे ३३ बसच्या आकड्याला भागून मिळायचे. ६६ ला दोनाने, १०० ला तिनाने. कुणी भीत भीत मधला ८३ निवडला तर दोनाने भागून पीसीआय ४१.५ वर जायचं, आणि हार्ड डिस्कवरचा डेटा बिघडण्याची धास्ती. म्हणजे ८३ धोक्याचा आणि १०० बिनघोर! मोठा आकडा लहानापेक्षा सौम्य ठरला, कारण भागाकार नीट बसत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती वेगळ्या वेषात परत येणार आहे.

रॅमही तेव्हा बसच्याच ठेक्यावर नाचायची, त्यामुळे १०० ला टिकणारी रॅम लागायची. पुढे मदरबोर्डवर बस आणि रॅम यांच्यात गुणोत्तर निवडायची सोय आली. इंटेलचा २००७ चा चार कोअरचा, म्हणजे एकाच वेळी चार कामं करू शकणारा, क्यू६६०० प्रोसेसर घ्या. बस २६६, मल्टिप्लायर ९, मिळून २.४ गिगाहर्ट्झ. बस ३३३ केली की सरळ ३ गिगाहर्ट्झ. आता रॅम एकास एक गुणोत्तरात ठेवली तर तीही ३३३ वर, म्हणजे डीडीआर२-६६७ च्या वेगाने चालणार (नावातला आकडा ठेक्याच्या दुप्पट असतो, का ते पुढे येईल). तुमच्याकडे डीडीआर२-८०० असेल तर तिची क्षमता ४०० ची, म्हणजे ती आरामात झेपवणार. पण गुणोत्तर चारास पाच राहून गेलं असेल तर रॅम ४१६ वर जाते आणि यंत्र सुरू होईलच असं नाही. लोक दोष प्रोसेसरला द्यायचे, अडलेली असायची रॅम. त्या काळचा साधा नियम होता : आधी रॅमचं गुणोत्तर खाली आणा, मग बस वाढवा.

२०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिजने हा खेळ मोडला. बेस क्लॉकला इतकं काही बांधलेलं होतं की तो चार-पाच टक्क्यांहून जास्त हलवला की भलतीकडेच काही तरी कोसळायचं. तेव्हापासून तिथे ओव्हरक्लॉकिंग म्हणजे मल्टिप्लायर वाढवणं, आणि तेही नावापुढे ‘के’ असलेल्या, कुलूप न लावलेल्या प्रोसेसरवर. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन प्रोसेसरांत कुलूप फार थोड्यांना आहे. बेस क्लॉकला मी आता हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

मग प्रोसेसर आणि रॅम एकमेकांपासून सुटले का? वरवर बघता, हो. प्रोसेसरचा मल्टिप्लायर वाढवला तर रॅम जागची हलत नाही. पण दोघांच्या मधे जी माणसं उभी आहेत त्यांचं काय?

माणसं म्हणतो कारण हे समजावताना मला नेहमी बांधकामावरची घमेली पोचवणारी रांग आठवते. सगळे एका ठेक्यावर वळत असतात. घ्या, वळा, द्या. घमेलं हातातून हातात जातं, जमिनीला टेकत नाही. आता रांगेतल्या एकाच्या अंगात आलं आणि त्याने ठेका जरा वाढवला. तो घमेलं घेऊन वळतो तेव्हा पुढचा अजून पाठमोरा. मग घमेलं खाली ठेवायचं आणि पुढचा वळला की त्याने ते वाकून उचलायचं. एक जण चपळ झाला आणि रांग मंदावली. त्याने नेमका दुप्पट ठेका धरला असता तर निदान दर दुसऱ्या वळणाला गाठ पडली असती. दीडपट किंवा सव्वापट ठेक्यात तेही नाही.

संगणकात हे खाली ठेवणं-उचलणं खरोखरच घडतं. दोन वेगळ्या ठेक्यांवर चालणाऱ्या भागांच्या सीमेवर डेटा एका छोट्या बफरमध्ये थांबतो आणि पलीकडचा पुढचा ठोका पडला की आत घेतला जातो. प्रत्येक थांबा जेमतेम काही नॅनोसेकंदांचा. पण रॅमकडे मागितलेली गोष्ट येईपर्यंत मुळातच साधारण ७० नॅनोसेकंद जातात, आणि ५ गिगाहर्ट्झचा कोअर तेवढ्या वेळात ३५० ठोके मोजून मोकळा होतो. त्याला आणखी ताटकळत ठेवायचं आणि वर त्याचा वेग वाढवायचा, म्हणजे रिकाम्या माणसाला जोरात येरझारा घालायला लावणं.

रायझनमध्ये या रांगेतल्या तिघांचे ठेके तुम्हाला बायोसमध्ये दिसतात : रॅमचा, मेमरी कंट्रोलरचा आणि इन्फिनिटी फॅब्रिकचा. फॅब्रिक म्हणजे कोअर असलेला तुकडा आणि मेमरी कंट्रोलर असलेला तुकडा यांना जोडणारा आतला रस्ता. इथे आकड्यांचा एक घोळ आधी मिटवू. डीडीआर रॅम एका ठोक्याला दोनदा डेटा देते, म्हणून डब्यावरचा ३६०० हा व्यवहारांचा आकडा असतो, खरा ठेका १८०० मेगाहर्ट्झ. रॅमच्या अवजारांत १८०० बघून माझी अर्धी रॅम कुठे गेली म्हणून घाबरणारे दर महिन्याला कुणी ना कुणी भेटतात.

तर रायझन ३००० मालिकेत ३६०० ची रॅम १८०० वर, कंट्रोलर १८०० वर, फॅब्रिकही १८००. घमेलं टेकत नाही. ३७३३ पर्यंत यंत्र आपोआप हे एकास एक राखतं. त्याच्या वर, समजा ४००० ची महागडी रॅम लावली, तर मदरबोर्ड गुपचूप कंट्रोलरला अर्ध्या ठेक्यावर टाकतो. रॅम २००० वर, कंट्रोलर १००० वर, फॅब्रिक तिसऱ्याच कुठल्या आकड्यावर. डब्यावरचा आकडा मोठा झाला, वाट मात्र लांबली. ४००० पेक्षा ३६०० चपळ, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, पण ८३ आणि १०० ची गोष्ट आठवा.

डीडीआर५ या पुढच्या पिढीच्या रॅमवर चालणाऱ्या रायझनमध्ये चित्र थोडं बदललं. ६००० ची रॅम ३००० वर चालते, कंट्रोलरही ३००० वर, पण फॅब्रिक इतकं पळत नाही. ते २००० च्या आसपास राहतं. इथे रॅम आणि कंट्रोलर यांचं एकास एक टिकवणं महत्त्वाचं, आणि ते ६००० ला बहुतेकांचं जमतं. म्हणून या प्रोसेसरांसाठी जो तो ६००० सुचवतो. इंटेलने याच गोष्टीला २०२१ पासून डेस्कटॉपवर गिअर असं नाव दिलं. पहिल्या गिअरमध्ये कंट्रोलर रॅमच्या ठेक्यावर, दुसऱ्यात अर्ध्यावर. डीडीआर४ लावली असेल तर पहिला गिअर टिकेल असा सगळ्यात वरचा वेग शोधायचा. बाराव्या पिढीपासून डीडीआर५ लावली की सुरुवातच दुसऱ्या गिअरपासून. तिथे एकास एक हा विषयच नाही, म्हणून रॅमचा आकडा वाढवत न्यायला हरकत नसते.

आता डब्यावरचा दुसरा आकडा. १६-१८-१८-३६ अशी जी माळ असते तिच्यातला पहिला म्हणजे सीएल. रॅममधली डेटाची ओळ आधीच उघडलेली असताना रॅमला एखादी गोष्ट मागितल्यापासून ती बाहेर पडेपर्यंत किती ठोके जातात, ते हा आकडा सांगतो. ठोके, वेळ नव्हे. वेळ काढायची तर सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा. ३२०० ची सीएल १६ : १० नॅनोसेकंद. ३६०० ची सीएल १८ : १० नॅनोसेकंद. डीडीआर५ ६००० ची सीएल ३० : पुन्हा १०. तीस आकडा बघून डीडीआर५ मंद आहे म्हणणाऱ्याने हा भागाकार केलेला नसतो. तीच ६००० ची रॅम सीएल ३६ ची असेल तर मात्र १२ नॅनोसेकंद, आणि हा फरक खरा आहे. एका वेळी किती माल वाहून नेता येतो ते वेगळं. ३२०० च्या एका चॅनेलमधून, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातल्या एका वाटेतून, सेकंदाला २५.६ जीबी जाऊ शकतात, दोन चॅनेलमधून ५१.२. म्हणून एकाच मोठ्या पट्टीपेक्षा दोन पट्ट्या, आणि त्या योग्य स्लॉटमध्ये. चार स्लॉट असतील तर बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते बघा.

हे सगळं हाताने भरायची गरज सहसा नसते. रॅमच्या पट्टीवरच्या छोट्या चिपमध्ये कारखान्यात तपासलेलं प्रोफाइल लिहिलेलं असतं. इंटेलच्या पद्धतीचं नाव एक्सएमपी, एएमडीने डीडीआर५ सोबत आणलेल्याचं एक्स्पो. बायोसमध्ये ते निवडलं की वेग, ठोक्यांची माळ आणि व्होल्टेज एकदम लागू होतं. न निवडल्यास रॅम जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या सावध वेगावर उभी राहते, म्हणून तो सुरुवातीचा २१३३. प्रोफाइल चालू करणं हेही कंपन्यांच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे, तेव्हा वॉरंटीच्या अटी वाचून घ्या. पण वेगाच्या मोबदल्यात इतका कमी धोका दुसऱ्या कुठल्या बटनात नाही, असं माझं मत आहे.

कमी म्हणजे शून्य नव्हे. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर मदरबोर्डच्या सॉकेटमध्येच जळाले. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड कंट्रोलरच्या बाजूचं व्होल्टेज, ज्याला एसओसी व्होल्टेज म्हणतात, नको इतकं वर नेत होते. एएमडीने नंतर बायोस अपडेटमधून ते १.३ व्होल्टच्या आत बांधून टाकलं. तेव्हा डीडीआर५ च्या रायझनवर आधी नवा बायोस, मग एक्स्पो.

आणि चार पट्ट्यांचा मोह आवरा. रायझन ७००० साठी एएमडीने दोन पट्ट्यांना ५२०० चा वेग सांगितलाय आणि चार पट्ट्यांना ३६००. चार लावल्यावर कंट्रोलरवर किती ओझं येतं ते या दोन आकड्यांतच दिसतं. दोन-दोनच्या दोन जोड्या वेगवेगळ्या वेळी घेतल्या तर प्रोफाइलची हमीही उरत नाही, कारण तपासणी त्या एका जोडीपुरतीच झालेली असते.

आता प्रोसेसरकडे. मल्टिप्लायर वाढवला की ट्रान्झिस्टरला कमी वेळात कलाटणी घ्यावी लागते. ती जमत नसेल तर व्होल्टेज वाढवून त्याला ढोसतात. याची किंमत वाईट आहे. विजेचा खर्च ठेक्याच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ठेका १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर खर्च १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे ३३ टक्के जास्त. दहा टक्क्यांसाठी तेहतीस टक्के उष्णता! शिवाय गरम झालेला प्रोसेसर स्वतःच ठेका खाली आणतो. रायझन ७००० च्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस, इंटेलच्या अनेकांची १००. कूलर तोकडा असेल तर ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर अर्ध्या तासाने मूळ वेगापेक्षाही खाली घसरलेला दिसतो.

शिवाय सेलेरॉनच्या काळी कंपन्या जी जागा राखून ठेवायच्या ती आता त्या स्वतःच वापरतात. टर्बो, बूस्ट ही नावं त्याचीच. एक-दोन कोअरवर काम असेल तर प्रोसेसर आपणहून टोकाला जातो, सगळ्यांवर असेल तर मागे येतो. तुम्ही सगळ्या कोअरना एकच आकडा ठोकून दिला तर ही हुशारी बंद पडते. एका कोअरचं काम आधीपेक्षा मंद झालं तरी आश्चर्य नाही. म्हणून रायझनवर मी आता उलट दिशेने जातो. कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे, तिच्यात व्होल्टेज कमी करत न्यायचं. तेवढ्याच विजेत आणि उष्णतेत प्रोसेसर आपणहून थोडा वर चढतो. किती कमी करता येईल हे प्रत्येक चिपचं वेगळं. एकाच नावाच्या दोन चिप सारख्या नसतात, दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेण्यात अर्थ नाही.

कामाचा क्रम एवढा पाळा की एका वेळी एकच बाजू हलेल. प्रोसेसर मूळ स्थितीत ठेवून आधी रॅमचं प्रोफाइल, मग तिची तपासणी. ती पक्की झाली की प्रोसेसर. दोन्ही एकदम ताणले आणि यंत्र कोसळलं तर चोर कोण ते सापडत नाही. रॅमसाठी पेनड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवा, एकही चूक चालत नाही. प्रोसेसरसाठी प्राइम९५. हे मुळात मर्सेन प्रकारच्या अवाढव्य मूळ संख्या शोधणाऱ्यांचं अवजार. उत्तरं आधीच माहीत असलेली गणितं ते प्रोसेसरला घालतं आणि एक अंक चुकला तरी पकडतं, म्हणून ओव्हरक्लॉकिंगवाल्यांनी ते उचललं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाच्या, हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी साचतायत का तेही बघा. फॅब्रिक जास्त ताणलं तरी बऱ्याचदा यंत्र कोसळत नाही, नुसत्या या नोंदी वाढत राहतात.

चाचणीला इतकं का महत्त्व देतो, सांगतो. एका जुन्या यंत्रावर मी रॅम हाताने ताणली होती. दोन तास तपासली, सगळं हिरवं. खेळ चालायचे, ब्राउझर चालायचा, तक्रार नाही. दीडेक महिन्याने जुन्या फोटोंची झिप उघडायला गेलो तर मधल्याच फाइली खराब. मूळ फोटो मी तोवर पुसून टाकले होते. फाइल एकीकडून दुसरीकडे जाताना रॅममधून जाते. तिथे एक बिट उलटला तर डिस्क तो चुकीचा बिट इमानेइतबारे लिहून ठेवते. निळा स्क्रीन आला असता तर बरं झालं असतं. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत चूक दुरुस्त करायची सोय आहे, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर होणारी चूक ती धरत नाही. नंतर कळलं की खेळताना ग्राफिक्स कार्डची ऊब शेजारच्या रॅमवर येते आणि गरम रॅम जास्त चुकते. मेमटेस्टच्या वेळी ते कार्ड थंड बसलेलं असतं. म्हणून आता मी रॅमची एक फेरी ग्राफिक्स कार्डालाही काम देऊन करतो.

काही बदलल्यावर स्क्रीन काळाच राहिला तर लगेच बटन दाबू नका. डीडीआर५ चं यंत्र नव्या वेगावर पहिल्यांदा उठताना रॅमशी जुळवून घेतं आणि त्यात काही मिनिटं जाऊ शकतात. तेवढं थांबूनही काही आलं नाही तर प्लग काढून मदरबोर्डवरची सीएमओएस क्लिअरची पिन जोडा, किंवा नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढून ठेवा. बायोस मूळ पदावर येतो. बायोस अपडेट केल्यावरही बहुतेक वेळा तेच होतं आणि कुणी सांगत नाही, म्हणून जमलेल्या आकड्यांचे फोनवर फोटो काढून ठेवा. आणि अपडेटनंतर पुन्हा एकदा टास्क मॅनेजरमधला तो मेमरीचा आकडा.